संगणकाची विसरभोळी स्मृती

तारापूर म्हटले की अणुवीज केंद्र डोळ्यांपुढे येते. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. या प्रकारच्या भट्टीत विक्रिया थांबवणाऱ्या नियंत्रक सळ्या खालून वर सरकतात. मग वीज गेली तर? तेव्हा आधीच साठवून ठेवलेला दाब त्यांना वर ढकलतो. वीज गेली की यंत्राने आपोआप सुरक्षित स्थितीत यावे, हा अभियंत्यांचा जुना नियम आहे. शाळेतल्या संगणकातही तो कसा दिसतो, ते पाहू.

संगणकात चालणाऱ्या सर्व प्रोग्रॅमना स्मृती वाटून देणारा एक कारभारी असतो. तो म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, कर्नल. किती स्मृती राखीव ठेवायची, जागा अपुरी पडली तर किती तत्परतेने माहिती डिस्कवर हलवायची, हे तो काही ठरावीक आकड्यांवरून ठरवतो. जुन्या युनिक्स प्रणालीत असे बरेच आकडे गाभ्यातच पक्के केलेले असत. ते बदलायचे तर गाभाच नव्याने बांधावा लागे. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सच्या आजच्या आवृत्त्यांत मात्र यंत्र चालू असतानाच एका आज्ञेने आकडा बदलता येतो.

समजा, तारापूरच्या एका शाळेत सरांनी डिस्कवर माहिती हलवण्याचा आकडा ६० वरून १० वर आणला. संगणक सुरळीत चालू लागला. रात्री वीज गेली. सकाळी पाहावे तो आकडा पुन्हा ६०! असे का व्हावे?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व टिकते. आजची मुख्य स्मृती सूक्ष्म विद्युतभारावर चालते. वीज जाताच तो भार गळून जातो आणि त्याबरोबर बदललेला आकडाही. म्हणून तो डिस्कवरील एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. संगणक सुरू होताना ती फाइल वाचली जाते आणि आकडा पुन्हा लागू होतो.

मग पहिल्यापासून फाइलमध्येच का लिहू नये? येथेच खरी मेख आहे. राखीव स्मृतीचा आकडा भलताच मोठा दिला, तर प्रोग्रॅमना जागाच उरत नाही आणि यंत्र अडून बसते. आकडा केवळ आज्ञेने दिला असेल, तर संगणक पुन्हा सुरू करताच चूक पुसली जाते. फाइलमध्ये लिहिला असेल, तर प्रत्येक वेळी तीच चूक जिवंत होते! म्हणजे स्मृतीचा विसरभोळेपणा हे एक संरक्षणच आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी जुना आकडा वहीत टिपा, मग आज्ञेने बदल करून काही दिवस पारखा आणि खात्री पटल्यावरच फाइलमध्ये लिहा. बदल का केला, हेही तेथेच एका ओळीत नोंदवा. पुढच्या वर्षी तो संगणक हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला ती ओळ फार उपयोगी पडेल.