पाळण्याची दोरी आणि जमाखर्चाची वही

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जालना शहराविषयी ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. निजामी अमदानीतील येथील भरभराटीचा व्यापारउदीम, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरीच्या खोऱ्यातून आलेली आगगाडी, आणि स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले बियाण्यांचे व पोलादाचे कारखाने, यांचा दाखला देऊन आपण त्या म्हणीतील सोन्याचा अर्थ मोठ्या अभिमानाने सांगतो; परंतु तीतील पाळण्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, भोकरदन-जाफराबादेपासून थेट मंठा-परतूरपर्यंत, ज्या हातात पाळण्याची दोरी आहे त्याच हाती चार पैशांची रोकड मिळकत कशी यावी, आणि तीही लेकराला घरी टाकून न जाता कशी यावी, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मातेपाशी वेळ नसतो असे म्हणण्यापेक्षा तिचा वेळ सलग नसतो असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. पहाटेचे पाणी, चूल, शाळेची घाई, तान्ह्याचे पाजणे-निजविणे, दुपारचे शेत आणि सांजेची भाकरी, यांच्या मधून मधून अर्ध्या घटकेचे, घटकेचे जे तुकडे उरतात, तेच तिचे खरे भांडवल होय. म्हणून घरबसल्या करावयाच्या कोणत्याही उद्योगाची पारख तीन कसोट्यांवर करावी, असे मला वाटते. लेकरू रडताच काम खाली ठेवता येते काय, आणि ते निजल्यावर जेथे सोडले तेथून पुन्हा उचलता येते काय, ही पहिली कसोटी. कच्चा माल आणि बाजार तिच्या पायांच्या टप्प्यात आहेत काय, ही दुसरी. आणि मालाचा पैसा तिच्याच हातात पडतो काय, ही तिसरी. पहिलीचा विचार सगळेच करतात, दुसरीचा थोडे करतात. तिसरीचा विचार मात्र बहुधा कोणीच करीत नाही, आणि सगळ्या कष्टांचे सार्थक तर तिच्यावरच अवलंबून असते.

या तिन्ही कसोट्यांना उतरलेले उदाहरण महाराष्ट्रात फार पूर्वी घडून गेले आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावातील एका चाळीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला, आणि त्यातूनच ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उदयास आली. तिच्या यशाचे श्रेय चवीला आहेच. परंतु त्याहून अधिक ते कामाच्या मांडणीला आहे. केंद्रावर मळून तयार केलेली कणीक बहिणींनी घरी न्यावी, आपल्या सवडीने लाटून वाळवावी आणि दुसऱ्या दिवशी तयार पापड केंद्रावर देऊन मजुरी घ्यावी, अशी ती रीत आहे. डाळीच्या खरेदीची, वजनाच्या अचूकपणाची आणि गिऱ्हाईक शोधण्याची चिंता संस्थेने वाहिली. लाटणारीच्या वाट्याला फक्त लाटणे आणि आपला मोबदला उरला. ज्या सात जणींनी आरंभ केला त्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ती या मांडणीचाच गौरव होय.

आपल्या गावोगावी चैत्र-वैशाखात अंगणात बाजा टाकून पापड, कुरडया, शेवया, सांडगे यांची वाळवणे घातली जातात, ती विद्या काही कमी प्रतीची नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली आणि दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले असल्यामुळे या मातीच्या नावालाही आता बाजारात किंमत आहे. तथापि वाळवणाचा व्यवसाय करू पाहणाऱ्या भगिनींच्या हातून एक चूक वारंवार घडते. गहू, उडीद, तेल, पापडखार यांचा खर्च त्या चोख मांडतात, पण आपल्या श्रमाचे मोल मात्र मांडीत नाहीत. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, त्याचा चीक घाटून आणि उन्हात उभे राहून जी कुरडई तयार होते, तिची किंमत केवळ गव्हाच्या किमतीवरून ठरविली जाते. शेजारणीला मदत म्हणून हे शोभते, उदीम म्हणून शोभत नाही. श्रमाची रोजंदारी धरल्यावाचून विक्रीचा भाव ठरवू नये. आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहानशा गृहोद्योगासाठीही असलेली नोंदणी करून घ्यावी, म्हणजे गावाबाहेरचे दुकान आपल्याला उघडे होते.

शिवणयंत्राचा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. ब्लाउज शिवणे, साडीला फॉल लावणे, पिको करणे ही कामे तुकड्यातुकड्यांनी होतात, आणि गिऱ्हाईक स्वतः दारात येऊन पैसे हातात ठेवते. परंतु एकाच गल्लीत पाच यंत्रे झाली की भाव पडतो. तेव्हा जिला हा मार्ग धरावयाचा असेल तिने शाळेचे गणवेश, गोधड्या, पिशव्या असे काही निराळे कसब जोडून घेणे हिताचे. उस्मानाबादी शेळीचेही तसेच. पाच महिन्यांच्या गाभणकाळानंतर ती पुष्कळदा जुळी पिले देते, आणि अडीअडचणीला विकता येईल असे हे चालते-बोलते धन होय. मात्र चराईला कोणी तरी मोकळे असावे लागते, आणि ते काम घरातील थोरल्या मुलीच्या शाळेवर येऊ नये, याची दक्षता मातेनेच घ्यावी.

बियाण्यांच्या संदर्भातही जालन्याच्या स्त्रीची योग्यता ध्यानात घेण्यासारखी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ची स्थापना केली, आणि त्यांच्या या कार्याला १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार लाभला, हे सर्वविश्रुत आहे. परंतु संकरित बियाणे शेवटी तयार होते ते शेतात: फुलातील पुंकेसर नाजूकपणे काढून, दुसऱ्या झाडाचा पराग स्त्रीकेसरावर टेकवून. कपाशीत हे ‘क्रॉसिंग’चे काम आदल्या सायंकाळी आणि दुसऱ्या सकाळी असे दोन वेळा करावे लागते, आणि ते प्रामुख्याने स्त्रियांच्याच बोटांनी होते. ही मजुरी घराजवळची असली तरी फुलाच्या वेळेला बांधलेली आहे, आईच्या वेळेला नव्हे.

या सगळ्यांत सविस्तर विचार करावा असा उद्योग म्हणजे रेशीमशेती, अर्थात तुतीच्या पाल्यावर रेशीमअळ्या वाढवून त्यांचे कोष विकणे. एका अंडीपुंजात सुमारे चार-पाचशे अंडी असतात. म्हणजे शंभर अंडीपुंज घेतल्यास चाळीस-पन्नास हजार अळ्यांचा संसार आपल्या संगोपनगृहात नांदू लागतो. जन्मापासून कोष विणण्यास बसेपर्यंत त्यांना साधारण पंचवीस ते अठ्ठावीस दिवस लागतात, आणि त्या काळात त्या चार वेळा कात टाकतात. पहिल्या दोन अवस्थांपर्यंतचे नाजूक संगोपन, ज्याला ‘चॉकी’ म्हणतात, ते चॉकी केंद्रावर झालेले असेल तर घरी उरतात ते सुमारे तीन आठवडे. कात टाकताना अळी निश्चल राहते व पाला खात नाही. त्या दिवशी माऊलीलाही थोडी उसंत मिळते. शेवटच्या, पाचव्या अवस्थेत मात्र त्यांची भूक अशी पेटते की, एकूण पाल्याच्या चार-पंचमांशाहून अधिक पाला त्या एका आठवड्यातच लागतो, आणि मग त्या गृहात तुतीच्या पानांवर पाऊस पडल्यासारखा अखंड आवाज चाललेला असतो.

म्हणून जी बाई रेशमाचा विचार करील तिला मी स्पष्ट सांगेन की, हे काम सवडीचे आहे, पण सदासर्वकाळ सवडीचे नाही. महिन्यातील तो एक आठवडा घरातील सर्वांनी पाला कापावयास आणि वाहावयास हात दिला तरच बॅच निभावते. त्या आठवड्यात मुलांना सांभाळण्यासाठी आजी किंवा नणंद जवळ आहे काय, हे अंडीपुंज आणण्याआधीच पाहावे. स्वच्छता कडक असावी, संगोपनगृहात तंबाखूचा वासही येऊ नये, आणि शेजारच्या कपाशीवरील फवारा तुतीवर उडू नये. कारण दूषित पाल्याचा एक भारा सगळी बॅच बुडवू शकतो. हे सांभाळले तर शंभर अंडीपुंजांपासून साठ-सत्तर किलो कोष मिळणे अशक्य नाही, आणि वर्षातून चार-पाच वेळा हे चक्र फिरविता येते.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीकडे वळू. ओल्या कोषातून पतंग बाहेर पडला की धागा तुटतो, म्हणून कोष काही दिवसांतच विकले जावे लागतात. मराठवाड्यातील शेतकऱ्यांना ते घेऊन पूर्वी कर्नाटकातील रामनगरच्या बाजारापर्यंत जावे लागे. हजारेक किलोमीटरच्या त्या प्रवासाला तान्हे लेकरू घेऊन कोणती आई निघणार? पाला तिने घातला, कोष विणण्याच्या चंद्रिकेवर अळ्या तिने सोडल्या, कोष तिने वेचले. परंतु बाजारापर्यंत पोहोचणारे पाय पुरुषाचे, म्हणून पैसा मोजून घेणारे हातही त्याचेच. २०१८ साली जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली, तिचे महत्त्व मी भाड्याच्या बचतीपेक्षा या गोष्टीत अधिक मानतो की, आता अंबड किंवा बदनापूरची बाई सकाळी कोष घेऊन निघाली तर दिवेलागणीला घरी परत येऊ शकते. बाजार जितका दूर, तितका स्त्रीचा पैसा परहस्ते. बाजार जवळ आला म्हणजे तिचे धन तिच्या पदरात पडण्याचा निदान मार्ग तरी मोकळा होतो.

मार्ग मोकळा झाला तरी नावाचा प्रश्न उरतोच. सातबाऱ्यावर नाव धन्याचे असले म्हणजे योजनेचा अर्ज त्याच्या नावाने, खाते त्याच्या नावाने आणि विक्रीची पट्टीही त्याच्याच नावाने, असा क्रम ओघानेच येतो. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनाने स्त्रीच्या श्रमाचा आणि मालमत्तेचा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेऊन जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून देण्याचे आवाहन गावोगाव केले. ते आवाहन आज जुने झालेले नाही. जो तुतीचा मळा तिच्या हातांवर जगतो, त्या मळ्यापुरते तरी तिचे नाव दप्तरात चढविणे हे उपकाराचे कृत्य नसून साध्या न्यायाचे आहे.

जिला जमीनच नाही तिने बचत गटाचा आधार घ्यावा. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून काम करणारे ‘उमेद’ अभियान यांनी ही चळवळ घरोघरी नेली आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थाही जिल्ह्यात आहेत, तेथे प्रशिक्षणाची चौकशी करावी. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार आणि नियमित परतफेड ही चार सूत्रे सर्वांना पाठ असतात; पाचवे सूत्र आहे नोंदी ठेवण्याचे, आणि मला ते सर्वांचा पाया वाटते. कारण ज्या कष्टाची नोंद नाही तो कष्ट घरातही विसरला जातो, आणि कालांतराने करणारीच्याही स्मरणातून जातो.

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी जालन्याच्या पेढ्यांवरून नव्या चोपड्यांना हळदकुंकू वाहिले जाते. त्याच सायंकाळी आपल्या घरातील पाटावर, लाह्या-बत्ताशांच्या शेजारी, आणखी एक लहानशी वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर आईचे संपूर्ण नाव असावे. जमेच्या बाजूला तिने विकलेल्या कुरडया, शिवलेले ब्लाउज, कोषांची पट्टी. आणि खर्चाच्या बाजूला, गहू आणि तुतीच्या पाल्याच्या बरोबरीने, तिच्या स्वतःच्या श्रमाची रोजंदारी. वर्षभराने तिची बेरीज काय येईल ती येवो. पण ती बेरीज तिने स्वतः केलेली असावी आणि घरातील लेकरांनी ती शेजारी बसून पाहिलेली असावी.