घरीं घडविलेली विजेची गिटार

विद्यार्थिमित्रहो, सुटीचा वेळ कसा घालवावा, असें तुम्ही आम्हांस वारंवार विचारतां. त्याचें उत्तर म्हणून इंग्लंडांतील एका बापलेकांची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तींत पदार्थविज्ञान आहे, गणित आहे, सुतारकाम आहे. आणि आईबापांनींहि मनन करावें असें कांहीं आहे.

सन १९६३ च्या ऑगस्ट महिन्यांतली ही गोष्ट. लंडनजवळील फेल्टम येथें राहणारा ब्रायन मे हा तेव्हां सोळा वर्षांचा होता. त्यास विजेची गिटार हवी होती. परंतु दुकानांतील चांगलें वाद्य त्या घरास परवडण्याजोगें नव्हतें. वडील हॅरॉल्ड मे हे विजेच्या उपकरणांचे जाणकार होते. बापलेकांनीं घरींच एक दुर्बीणहि तयार केली होती. तेव्हां गिटारहि आपणच करावी, असें ठरलें.

हें वाद्य वाजतें कसें, तें प्रथम पाहूं. सतारीचा नाद भोपळ्यांत घुमून मोठा होतो. विजेच्या गिटारीस भोपळा लागत नाहीं. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतात व त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली, कीं चुंबकाच्या क्षेत्रांत फेरबदल होतो आणि वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. हा प्रवाह ध्वनिवर्धकानें वाढविला म्हणजे कर्ण्यांतून स्वर ऐकूं येतो. म्हणूनच आंतड्याची किंवा नायलॉनची तार येथें कुचकामाची ठरते. तिचें चुंबकाशीं कांहींच नातें नाहीं.

दुसरी गोष्ट पडद्यांची. सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारीचे लांकडांत पक्के बसविलेले असतात. एक पडदा चुकला, तर तो स्वर सदा बेसूरच लागावयाचा. येथें गणित कामास येतें. तारेच्या लांबीस १७.८१७ नें भागावें. जें उत्तर येईल तितक्या अंतरावर पहिला पडदा बसवावा. उरलेल्या लांबीस पुन्हां त्याच संख्येनें भागून दुसरा बसवावा. मे यांच्या गिटारीच्या तारा २४ इंचांच्या आहेत. म्हणून पहिला पडदा सुमारें १.३५ इंचांवर, दुसरा त्याच्यापुढें सुमारें १.२७ इंचांवर, आणि बारावा १२ इंचांवर, म्हणजे तारेच्या ठीक मध्यावर येतो. अर्धी तार वरच्या सप्तकाचा स्वर देते, हें तुमच्यापैकीं गाणें शिकणाऱ्यांस ठाऊकच असेल.

सामान कोठून आणलें, तें तर ऐकण्यासारखें आहे. दांडीसाठीं एका जुन्या शेकोटीवरील महॉगनीची फळी घेतली. तीस किडीनें भोकें पाडलीं होतीं. तीं काड्यापेटीच्या काड्यांनीं बुजविलीं. एका जुन्या टेबलाचें ओक लांकूड वाद्याच्या अंगांत बसविलें. पडद्यांच्या खुणांकरितां आईच्या शिवणाच्या पेटींतील शिंपल्याचीं बटणें मिळालीं. तारा क्षणभर सैल करून स्वर हेलकावण्याची सोय पोलादी सुरीच्या धारेवर तोललेली असून तिला मोटारसायकलच्या एंजिनांतील दोन स्प्रिंगा लाविल्या आहेत. तिच्या दांड्याचें टोंक विणकामाच्या सुईचें आहे. सुमारें दोन वर्षें काम चाललें. खर्च झाला अवघा आठ पौंडांच्या आसपास.

आमच्या मतें या हकीकतींतील मोलाचा भाग एका अपयशाचा आहे. चुंबक व वेढे हे प्रथम ब्रायननें स्वतःच तयार केले. नाद चांगला निघे. परंतु स्वर चढविण्यासाठीं तार बाजूस ओढली, कीं तो बिघडे. कारण चुंबकांच्या ध्रुवांची मांडणी त्यास अनुकूल नव्हती. त्यानें आपला हट्ट सोडला व तेवढा भाग विकत आणून बसविला. कोठें चुकलें हें त्यास नेमकें कळलें होतें, म्हणून ही माघार पराभव ठरली नाहीं.

पुढें १९७० सालीं लंडनमध्यें 'क्वीन' हें वाद्यवृंद-पथक निघालें. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, हे लहानपणीं आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकले होते. ब्रायन मे या पथकांत तीच घरची गिटार वाजवीत. परंतु त्यापायीं त्यांनीं खगोलशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडिला, तेव्हां वडील फार नाराज झाले. गिटार घडविण्यास ज्यांनीं हात दिला, त्यांनाच तिनें दाखविलेला मार्ग रुचेना! पुढें त्यांनीं मुलाचें वादन हजारोंच्या सभेंत ऐकलें आणि मनें पुन्हां जुळलीं. १९८८ सालीं ते वारले. सोडिलेला अभ्यास मुलानें २००७ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, पुरा करून डॉक्टरची पदवी मिळविली. ती पाहण्यास वडील नव्हते.

मुलांनो, आरंभीं एक फळी, दोन खिळे व एक पोलादी तार एवढेंच घ्या. तार ताणून बरोबर मध्यावर दाबा आणि काय ऐकूं येतें तें पाहा. आणि पालकहो, मुलगा घरांतील मोडकें टेबल मागावयास आला, तर 'कशाला?' एवढें अवश्य विचारा. परंतु उत्तर ऐकून घेतल्यावर करवतीचें दुसरें टोंक आपण धरा.