जुन्या गाडीची कुरकूर ओळखा

कुकरची शिट्टी नीट होईना, मिक्सरचा सूर जरा बदलला, की घरातल्या बाईच्या ते चटकन ध्यानात येतं. मग दारातली जुनी सुमो किंवा बोलेरो कुरकुरू लागली, तर ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून आपण कानाडोळा का करावा? १९९४ साली आलेल्या सुमोचं उत्पादन २०१९मध्ये बंद झालं. पण लग्नकार्याला, देवदर्शनाला सगळं घर घेऊन जाणाऱ्या अशा गाड्या अजून पुष्कळांकडे आहेत. मुलाबाळांसकट घाट चढायचा, तर तिची कुरकूर वेळीच कळलेली बरी.

या गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. तिथून पोटाखालच्या लांब शाफ्टमधून ती मागच्या लोखंडी गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये जाते आणि मग चाकांना मिळते. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं!

आवाज केव्हा येतो?

गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू आहे आणि घरघर ऐकू येते. क्लच दाबताच ती थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचं रिलीज बेअरिंग झिजलेलं असण्याचा संभव असतो.

निघताना किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना खालून ‘टक्’ होतं? मग शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बघून घ्या. यात चालढकल नको, बरं का! धावत्या गाडीत तो तुटला, तर शाफ्ट खाली पडू शकतो.

वेगाबरोबर वाढणारी गुणगुण वळणावर कमीजास्त होत असेल, तर बहुधा चाकाचं बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं असेल तर डिफरन्शियल.

डाग कुठे पडतो?

रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरा आणि गाडीचं तोंड कुठल्या बाजूला ते त्यावर लिहून ठेवा. सकाळी पुठ्ठाच सगळं सांगेल. पुढच्या बाजूचा काळपट डाग बहुधा इंजिन ऑइलचा. मधोमध किंवा मागच्या गोळ्याखाली दाट आणि उग्र वासाचं तेल दिसलं, तर ते गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, बुळबुळीत ओघळ असेल, तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. मग गाडी हलवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा. हिरवट किंवा लालसर पाणी हे रेडिएटरचं. ते विषारी असतं, मुलांना आणि कुत्र्यामांजरांना जवळ फिरकू देऊ नका. एसीचं स्वच्छ पाणी टपकलं, तर मात्र घाबरायचं कारण नाही.

नवं सील घातलं तरी गळती थांबत नाही, असंही होतं. डिफरन्शियलला हवा जाण्यासाठी एक बारीकसा ब्रीदर असतो. तो चिखलानं बुजला, की आतली तापलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. तो साफ करायला आवर्जून सांगा.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

‘गाडी आवाज करते’ एवढं सांगून भागत नाही. कुठल्या वेगाला, कुठल्या गिअरला, क्लच दाबून की सोडून, हे कागदावर टिपून न्या. पुठ्ठाही बरोबर ठेवा. मग नको ते भाग बदलले जात नाहीत. गाडी सपाटीवर उभी असताना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हींचं तेल समोर तपासून घ्या. साधारणपणे ते भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावं लागतं. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही शिरू नका, घरच्या कुणाला शिरूही देऊ नका.

सील बदलायचा खर्च त्या मानानं थोडका. तेल संपून आतले दाते झिजले, की सगळा गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि महिन्याचा हिशेब पार कोलमडतो. तेव्हा आज रात्री पुठ्ठा अंथराच!