काळा चौकोन आणि तानपुरा

धारवाडच्या सप्तापुरात एका गायिकेच्या घरी संध्याकाळी शिकवणी भरते, शिष्य मात्र पुण्यात आणि दुबईत बसलेले असतात. बाईंच्या संगणकावर उबुंटू आहे. त्यांची अपेक्षा साधी होती: स्वरलिपी शिष्यांना दिसावी, तानपुरा अखंड ऐकू जावा आणि धड्याचं रेकॉर्डिंग राहावं. मी गेलो तेव्हा स्क्रीन शेअर केल्यावर पलीकडे नुसता काळा चौकोन दिसत होता आणि त्यावर माउसचा बाण तेवढा फिरत होता.

हा काळा चौकोन म्हणजे बिघाड नव्हे, ती मनाई आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या १९८७ च्या एक्स-११ व्यवस्थेत कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याची खिडकी वाचू शकत असे, टाइप होणारा पासवर्डसुद्धा. तिची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही मुभा काढून घेतली. आता प्रोग्रॅम ‘पोर्टल’ नावाच्या मध्यस्थाकडे मागणी करतो, कोणती खिडकी दाखवायची ते माणूस निवडतो आणि मगच पाइपवायर नावाच्या वाहिनीतून चित्र वाहू लागतं. मला हा बदल मनापासून पटतो. शिकवणाऱ्या बाईच्या पडद्यावर बँकेचे निरोप असतात, घरचे फोटो असतात.

मीटिंगचं ॲप जुन्या पद्धतीनेच पडदा मागत होतं, म्हणून मीटिंग ब्राउझरमध्ये उघडली. तिथे खिडकी निवडण्याची चौकटच येईना. पोर्टलचे दोन भाग असतात: एक सर्वांसाठी सारखा, दुसरा ज्या त्या डेस्कटॉपचा. बाईंच्या संगणकावर ग्नोम हा डेस्कटॉप होता, पण त्याच्यासाठीचा भाग नव्हताच. तो बसवला, लॉग आउट करून पुन्हा आत आलो आणि भूप रागाची स्वरलिपी पुण्यात दिसली.

“अरे, पण तानपुरा मधेच का विरतो?”

खरं काम इथून पुढे. मीटिंगच्या सॉफ्टवेअरला माणसाचं बोलणं तेवढं हवं असतं. एकसारखा चालणारा नाद त्याला पंख्याची घरघर वाटते. त्याच संगणकाच्या स्पीकरवर वाजणारा तानपुरा तर प्रतिध्वनी समजून वजा केला जातो. गंगूबाई हंगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या या हुबळी-धारवाड जुळ्या शहरांत षड्ज गाळून गाणं कसं शिकवायचं? आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद केली, तानपुरा फोनवर लावून माइकशेजारी ठेवला. नाद टिकला.

रेकॉर्डिंग मीटिंगच्या वेळी करायचं नाही, असं ठरलं. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घेतला: ओबीएस स्टुडिओ. तो २०२१ पासून वेलँडवर पाइपवायरमधून चित्र घेतो. त्यात संगणकावरचा तानपुरा एका ट्रॅकवर आणि माइक दुसऱ्या ट्रॅकवर ठेवला. बाईंच्या कानाला हेडफोन, म्हणजे तानपुरा माइकमध्ये शिरत नाही. फाइल एमकेव्ही ठेवली, कारण वळवाच्या पावसात वीज गेली तर साध्या एमपी-४ फाइलची शेवटी लिहिली जाणारी सूची राहून जाते आणि सगळा धडा उघडेनासा होतो. एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं.

ट्रॅक वेगळे ठेवण्याचा आग्रह मी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पावरून धरला. तिथे पडद्याचं चित्रण एकच असतं आणि त्यावर मराठी, कन्नड अशी वेगवेगळी निवेदनं चढतात. बाई घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड. हुबळीच्या मुलींसाठी त्या आता त्याच भूपाच्या धड्यावर कन्नड निवेदन करताहेत; स्वरलिपी आणि तानपुरा तसाच आहे.