भाटीची हाक

अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याहून शेवटची बोट सुटली की जेट्टी शांत होते. मग रात्री उशिरा कधी तरी वाडीतून एखाद्या मांजरीचा लांबवलेला, घशातून ओढून काढलेला आवाज येतो. तान्हं मूल रडावं तसा. कुणी त्याला अपशकुन म्हणतं, कुणाला वाटतं तिच्या पोटात दुखतंय, कुणी उठून तांब्याभर पाणी फेकतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. भाटी, म्हणजे मांजराची मादी, माजावर आलेली असते आणि बोक्याला हाक मारत असते. ही हाक घरच्यांना वेळीच कळली, तर तिचे हाल टळतात. दोन महिन्यांनी गोणीत भरून मासळी बाजाराच्या कडेला सोडली जाणारी पिल्लंही टळतात.

मांडवा, सासवणे, बोडणी, रेवस या पट्ट्यात मांजरांना अन्नाची ददात नाही. बंदरावर मासळी उतरते, अंगणात बोंबील आणि जवळा वाळत असतो, नारळीच्या वाड्यांत आणि शनिवार-रविवारीच उघडणाऱ्या बंगल्यांत आडोसा मिळतो. पोट भरलेली मांजरी लवकर वयात येते आणि पुन्हापुन्हा विते.

खुणा वागण्यात असतात

गाय माजावर आली, हे गोठ्यात वावरणाऱ्याला सांगावं लागत नाही. ती हंबरते, तिला सोट, म्हणजे चिकट स्राव, गळतो. कुत्रीला रक्तस्राव होतो. मांजरीत सहसा असं काही दिसत नाही, म्हणून तिचा माज वागण्यावरून ओळखावा लागतो.

सुरुवातीला एक-दोन दिवस ती नुसती लाडात आल्यासारखी वाटते. माणसाच्या पायाला, दाराच्या चौकटीला, पाटाच्या कडेला गाल घासते. मग जमिनीवर लोळू लागते आणि आवाज वाढतो. सगळ्यांत भरवशाची खूण हात फिरवल्यावर दिसते. शेपटीच्या मुळाजवळ पाठीवरून हलकेच हात फिरवला, की ती छाती जमिनीला टेकवते, मागचा भाग उचलते, शेपटी एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवू लागते. तिचं खाणं कमी होतं, ती दाराशी घुटमळते, फट दिसली की बाहेर पळते. काही मांजरी भिंतीवर लघवीची पिचकारीही मारतात. काही मात्र फारसा आवाज करत नाहीत. त्यांच्या बाबतीत अंगणात अचानक वाढलेले बोके हीच खूण.

पहिला माज साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या वयात येतो, काहींना चौथ्याच महिन्यात. वजन सव्वादोन-अडीच किलो झालेलं असतं आणि घरचे अजून तिला पिल्लूच समजत असतात.

उजेडाचं घड्याळ

मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. अंधारात मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन स्रवते. रात्री मोठ्या असल्या की हे मेलाटोनिन जास्त वेळ रक्तात राहतं आणि अंडाशयांचं काम थंडावतं. दिवस मोठे झाले की अंडाशयांचं काम पुन्हा सुरू होतं. लंडनमध्ये हिवाळ्यातला दिवस आठ तासांहूनही लहान आणि उन्हाळ्यातला साडेसोळा तासांचा असतो. तिथल्या बाहेर राहणाऱ्या मांजरींना त्यामुळे हिवाळ्यात विसावा मिळतो.

मांडव्याला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. त्यात घरातले आणि ओटीवरचे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. म्हणून आपल्याकडे मांजरी वर्षाच्या कुठल्याही महिन्यात माजावर येऊ शकते. ‘हा तिचा हंगाम नाही’ असं म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

महिनाभर का ओरडते?

गाईचं बीज दर 21 दिवसांच्या सुमारास आपोआप सुटतं. मांजरीचं बीज सहसा समागम झाल्यावरच सुटतं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या उत्तेजनाचा संदेश मेंदूपर्यंत जातो, मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून संप्रेरकाची लाट येते आणि साधारण एक ते दोन दिवसांत बीज सुटतं. ही लाट पुरेशी यायला बहुधा अनेकदा समागम व्हावा लागतो. म्हणूनच एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

बोका भेटला नाही, तर माज साधारण आठवडाभर टिकून ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत परत येतो. ‘आमची मांजर महिना झाला ओरडतेय’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे. बोका भेटला, तर 63 ते 65 दिवसांत ती विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. वर्षाला दोन-तीन वेतं आणि दर वेताला चारेक पिल्लं, असा हिशेब वाडीत सहज होतो.

हाक की दुखणं?

माजावरची मांजरी हात लावला की अधिक जवळ येते. दुखणाईत मांजरी अंग चोरते, कोपऱ्यात दडते, उचलू देत नाही. सारखी लघवीला बसते आहे, लघवीत रक्त आहे, योनीतून पू किंवा दुर्गंधी येतेय, माजानंतर काही आठवड्यांनी ती सुस्त पडून खूप पाणी पितेय, यांतलं काही दिसलं तर तो माज समजू नये. गर्भाशयात पू झाला असेल, तर उशीर जिवावर बेततो. अशा वेळी माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं मारतं.

मांडव्याजवळच्या किहीमला 1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीपाशी बसून नर-मादीच्या विणीची रीत टिपत होते. त्यांचं मोठं हत्यार होतं धीराने पाहणं आणि लिहून ठेवणं. घरच्या मांजरीसाठीही तेच पुरतं. आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, ती बाहेर कधी गेली, या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. पशुवैद्याचं अर्धं काम तिथेच होतं.

उपाय एकच: नसबंदीची शस्त्रक्रिया

‘एकदा तरी विऊ द्यावं, मग शस्त्रक्रिया करावी’ या समजुतीला आधार नाही. उलट, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी, तर वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये 86 टक्क्यांनी कमी आढळला. मांजरीच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्यांचं मोल कळतं. गर्भाशय काढलं की त्यात पू होण्याची भीतीही संपते. माज थांबवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांनी गर्भाशयात पू, स्तनांना सूज आणि मधुमेह होऊ शकतो.

माज चालू असतानाही शस्त्रक्रिया करता येते. पण त्या दिवसांत गर्भाशयाला रक्तपुरवठा जास्त असतो, म्हणून अनेक डॉक्टर तो ओसरण्याची वाट पाहायला सांगतात. तोवर तिला घरात कोंडून ठेवणं महत्त्वाचं. आणि पिल्लं झालीच, तर ती उपाशी मरतील अशा जागी टाकून देणं हा प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हा आहे.

पशुवैद्यासाठी अलिबागला जायचं, तर ते मांडव्याहून वीसेक किलोमीटरवर आहे. आज रात्री हाक ऐकू आली, तर पाण्याचा तांब्या खाली ठेवा, दार लावून घ्या, कॅलेंडरवर तारीख लिहा आणि सकाळी पशुवैद्याला फोन करा.