गाव मोजायचं तर माणसं गावात असताना मोजा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात टोळ्या हलू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार आणि पलीकडे नगरकडचे पाथर्डी, शेवगाव. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या, लेकरं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-सोलापूरकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेपायी मागं ठेवलेली पोरं आणि दावणीची जनावरं. विस्तार अधिकारी म्हणून रब्बीच्या हंगामात अशा गावात बैठक लावली तर सतरंजीवर चार आजोबा येऊन बसतात. एवढी माणसं गेली, पण नेमकी किती, याचा पक्का आकडा मागितला तर गावात कुणापाशीच मिळत नाही.

अभ्यासकांनी काय पाहिले?

ऊस, कारखाना आणि त्याभोवतीचं राजकारण यांवर समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केले आहे. मुळात १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जिद्दीवर आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनावर. पुढे बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिले. कारखान्याची निवडणूक आणि तालुक्याचं राजकारण कसं एकमेकांत गुंतलेलं असतं, हे त्यांनी मांडले.

फडातल्या माणसाकडे लक्ष वेधले ते डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी. गुजरातेत बारडोलीच्या कारखान्यांवर आपल्या खानदेशातून मजूर जात. त्यांची हकीकत ब्रेमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा प्रश्न साधा होता. बारडोलीच्या आसपास हळपती समाजाचे भूमिहीन मजूर हाताला काम शोधत असताना बाहेरून टोळ्या कशाला आणायच्या? उत्तर असे निघाले, की उचल घेऊन मुकादमाच्या हाताखाली आलेला परका मजूर रात्री-अपरात्रीही कामाला उभा राहतो आणि हंगाम संपेपर्यंत सोडून जाऊ शकत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही फडात जा, हीच रीत दिसेल. करार मुकादमाशी होतो, कारखान्याच्या हजेरीपटावर तोडणाऱ्याचं नाव नसतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हिशेब कोयत्याचा होतो, त्यामुळे त्यात बाईचं नाव वेगळं दिसत नाही.

तिसरा अभ्यास वेगळ्या अंगाचा आहे. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी धनगर आणि त्यांच्या खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. पावसाच्या मागे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या समाजाचे देव, जत्रा, ओव्या या फिरण्यातूनच घडतात, हे त्यांनी दाखवले. ऊसतोडीच्या बाबतीतही हे पटते. या भागातल्या लोकांचं पंचांगच कारखान्याच्या भोंग्यावर चालतं. लग्नं हंगामाच्या आगंमागं उरकतात. जोडीशिवाय कोयता होत नाही, म्हणून पोरांची लग्नं लवकर लावण्याची घाई होते. दसऱ्याचा मेळावा हा भगवानबाबांच्या भक्तांचा सोहळा असतो आणि राजकीय ताकद दाखवण्याची जागाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथराव मुंडे यांचं नेतृत्व याच माणसांच्या बळावर उभे राहिले.

मताला हजर, मोजणीला गैरहजर

या माणसांची एक गंमत पाहा. मतदार यादीत ती गावात असतात. जिल्हा परिषदेचे मतदान १६ फेब्रुवारी २०१७ ला झाले, म्हणजे ऐन हंगामात. विधानसभेचे २० नोव्हेंबर २०२४ ला झाले, तेव्हा टोळ्या निघण्याची लगबग होती. अशा वेळी उमेदवार गाड्या पाठवतात, दोन दिवसांसाठी माणसं गावाला आणली जातात.

जनगणनेचं मात्र उलटं. २००१ आणि २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, त्याची नोंद तो सापडेल तिथे होते. प्रगणक उसाच्या कडेच्या कोपीपर्यंत पोचला तर तिथं, नाही पोचला तर कुठंच नाही. गावाची लोकसंख्या तेवढी कमी दिसते, आणि वित्त आयोगाचा निधी तर मुख्यतः लोकसंख्येच्याच हिशेबाने येतो. आता पुढची जनगणना १ मार्च २०२७ या तारखेला धरून जाहीर झालेली आहे. म्हणजे शिरगणती पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा हंगामात!

नमुना पाहणीतही फट आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतर धरले ते एक महिना ते सहा महिन्यांच्या आतले. हंगाम लांबला की आपला माणूस या चौकटीबाहेर जातो. २०२१-२२ चा हंगाम तर जूनपर्यंत रेंगाळला होता.

शेतीतही तेच. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा. रब्बीची ज्वारी शेतात उभी आणि मालक फडात, मग फोटो घ्यायचा कुणी?

मोजलं की दिसतं

नीट मोजलं तर काय बाहेर येतं, याचा दाखला बीडमध्येच आहे. महिलांची गर्भाशये काढण्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा बायांत एक! गावात याची कुजबूज होतीच, पण आकडा पुढं आल्यावर विधिमंडळाला दखल घ्यावी लागली.

त्यानंतर काही पावले पडली. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. पण कोणत्या गावची किती पोरं वसतिगृहात ठेवायची आहेत, हे कळायला गावनिहाय यादी लागतेच.

ही यादी करायला मोठा संशोधक नको. ग्रामपंचायतीने एक नोंदवही ठेवावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, सगळी माणसं घरी असताना, घरवार नोंद घ्यावी: कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती, लेकरं बरोबर की मागं. बाईचं नाव स्वतंत्र लिहावं. रब्बीची पीक पाहणी कुणी करायची तेही तिथंच ठरवावं. आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये साखर पट्ट्यातल्या प्रगणकांच्या हातात या याद्या असाव्यात, असा आग्रह बीड-नगरच्या लोकप्रतिनिधींनी आत्तापासून धरावा. मतदानाला गाडी फडापर्यंत जाते, मग मोजणीचा कागदही तिथवर जायला हरकत कसली?