गोकुळधामचे कालगणित

गोरेगाव पूर्वेच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत जिचा देखावा उभा आहे आणि कथेत जिचा पत्ता पावडर गल्ली असा सांगितला जातो, त्या गोकुळधाम सोसायटीची मालिका 28 जुलै 2008 रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून तिच्यातील विसंगतींची टाचणे प्रेक्षक एखाद्या शिरस्तेदाराच्या चिकाटीने ठेवीत आले आहेत. तारक मेहता 1971 पासून ‘चित्रलेखा’त जे मूळ गुजराती सदर लिहीत, त्यातील पात्रांना वाचकाच्या कल्पनेखेरीज चेहरा नव्हता, सबब तो बदलण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता, पडद्यावर मात्र चंपकलालांची भूमिका करणारे अमित भट्ट हे चिरंजीव जेठालालची भूमिका करणाऱ्या दिलीप जोशींहून वयाने लहान आहेत, डॉ. हाथींचा चेहरा एकवार बदलून, 2018 मध्ये कवी कुमार आझाद निवर्तल्यावर, पुन्हा पूर्वीचाच, म्हणजे निर्मल सोनींचा, झाला आहे, आणि जे आत्माराम तुकाराम भिडे ‘एकमेव सेक्रेटरी’ या बिरुदाने मिरवतात व मेंटेनन्सच्या थकबाकीत कोणासही सवलत देत नाहीत, त्यांच्या प्रत्यक्ष कन्येची, सोनूची, भूमिका आजवर चार अभिनेत्रींनी केली असूनही त्याबद्दल सभेत ठराव आल्याचे ऐकिवात नाही.

जेठालालच्या मुलाचे, टपूचे, प्रकरण अधिक अवघड होते. खोडकर बालक हे ज्या पात्राचे सारसर्वस्व, त्याला साकारणारा मुलगा निसर्गनियमाने मोठा होत गेला. भव्य गांधीने 2017 मध्ये मालिका सोडली आणि नंतर आलेला टपू तर सरळ तरुणच होता. एप्रिल 2021 मध्ये ‘सोनी ये’ वाहिनीवर ‘तारक मेहता का छोटा चश्मा’ ही सचेतपट मालिका आली, तेव्हा तीत टपू पुन्हा लहान झाला; रेषांना मिसरूड फुटत नाही, ही या माध्यमाची मोठीच सोय.

अर्थात तेवढ्याने कालगणनेचा तगादा चुकतो असे नाही. 1989 पासून चालू असलेल्या ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन सचेतपट मालिकेतील बार्ट अद्याप दहाच वर्षांचा आहे, हा संकेत सर्वांना मान्य. परंतु 1991 च्या एका भागात त्याच्या मातापित्यांची शाळेतील प्रथम भेट 1974 साली झाल्याचे दाखविले असता, 2008 च्या भागात त्यांचे अपत्यपूर्व तारुण्य 1990 नंतरच्या दशकात नेऊन ठेवले, तेव्हा जुने चाहते खवळले. न वाढणारे वय त्यांनी निमूट पत्करले होते, पण एकदा सांगितलेला सन फिरविणे त्यांना फसवणूक वाटली, आणि माझ्या मते त्यांची तक्रार रास्त होती.

गोकुळधामलाही हाच अनुभव आला. इतके चेहरे पालटूनही तग धरून राहिलेल्या या मालिकेला 2022 मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली, ती एका सनापायी : कवी प्रदीप यांनी चीन युद्धातील हुतात्म्यांसाठी लिहिलेले आणि लता मंगेशकरांनी गायिलेले सुप्रसिद्ध गीत 1965 चे असल्याचे एका भागात सांगितले गेले, वास्तविक ते 1963 च्या जानेवारीत दिल्लीत पंडित नेहरूंसमक्ष गायिले गेले होते. सोनूचा चेहरा हा निर्मात्याच्या अखत्यारीतला विषय. हे साल मात्र ऐकणाऱ्या कित्येकांच्या स्वतःच्या आठवणीतले होते.